सांधा

छावणीतल्या माझ्या दुकानात सध्या एकच भांडण चालतं,
सप्रे पुढे जाणार की थॉर्नबी?
सप्रे तेवीस वर्षांचा. मनगटाला धीर नाही त्याच्या,
हे त्याच्या बाजूचे लोकच कौतुकाने सांगतात.
थॉर्नबी एकोणतीसचा, जुन्या बँकेच्या मॅनेजरसारखा,
सगळी कागदपत्रं तपासल्याशिवाय
चेंडूवर सही करत नाही.

गंधे मास्तर वही घेऊन येतात,
परदेशातली सरासरी वेगळ्या शाईत.
दहा हजार धावा थॉर्नबीच्या, लिहून ठेव शेवडे.
पोह्यांवर जीरावण भुरभुरत नंदू म्हणतो,
दहा हजार मोजत कोण बसणार, भिया?
सप्रे तीन वर्षं खेळला
तरी लोक तीस वर्षं बोलतील.

दुकानात टीव्ही आहे, पण माझी पाठ त्याच्याकडे.
माझ्यापुढे येतात
त्या दोघांच्या नकला करणाऱ्या पोरांच्या बॅटी.

सप्रेवाल्यांच्या टोकाला फुटतात.
पायात आलेला चेंडू आभाळात धाडायला जातात
आणि लाकूड खालून दात विचकतं.
या महिन्यात सात आल्या. एकीचा तुकडा
पोराने रुमालात बांधून आणला होता, पडलेल्या दातासारखा.

थॉर्नबीवाल्यांच्या फुटत नाहीत.
उशिरा खेळायचं, अगदी उशिरा,
म्हणून पोरं मूठ पिळत उभी राहतात
नेटमध्ये, आरशापुढे, शिकवणीच्या रांगेत.
दांड्याचा दोरा झिजतो. सांधा कुरकुरायला लागतो
फटक्याने नाही,
वाट पाहून.

मला विचाराल तर
(कोणी विचारलेलं नाही)
टोक जोडता येतं. गोंद भरायचा, दोरा आवळायचा,
तीन रात्री शिकंज्यात ठेवायचं.
सप्रे मोडेल, आणि परत येईल, आणि परत मोडेल,
दर वेळी थोडा जड होऊन.
सांध्याचं तसं नाही. तो गेलेला बाहेरून दिसत नाही.
एक दिवस चेंडू नेहमीच्याच जागी लागतो
आणि आवाज नेहमीचा येत नाही.
थॉर्नबीला तो आधी ऐकू येईल.
वर्षभर तरी तो कोणाला सांगणार नाही,
आणि त्या वर्षातल्या धावाही
मास्तर त्याच शाईत लिहितील.

एकोणऐंशी साली या शहरात
दोन पोरांवरून असंच भांडण होई.
किबे की शेवडे?
रामबागेतल्या टपरीवर चहाच्या पैजा लागत,
एकदा तर एक सायकल लागली होती.
पैज कोणीच जिंकलं नाही.
मनोहर किबे वीज मंडळात चिकटला, मी गोंदाला.
दिवाळीत येतो तो. बॅटी उचलून वजन बघतो,
किमती विचारतो,
पण चुकूनही पाय फाकवून उभा राहत नाही.
मीही त्याला राहा म्हणत नाही.
सायकल कोणाची होती, यावर मात्र
आमचं अजून एकमत नाही.

काल संध्याकाळी, गराडूवाला कढई तापवत होता तेव्हा,
यामिनी बोरगावकर आली, अकरावीतली.
काउंटरवर बॅट ठेवली. मी उजेडात फिरवून पाहिली.
लाल ठसे सगळे हाताच्या पंजाएवढ्या जागेत.
एकच मागच्या बाजूला,
तो कसा उमटला ते तिलाही सांगता येईना.
टोक शाबूत. सांधा मुका.
हिला काय झालंय? मी विचारलं.

काही नाही काका, माझी उंची वाढली.
दांडा लांब करून मिळेल का?

नाही मिळत, म्हटलं, नवीन घ्यावी लागेल.
ती बॅट उचलेना. भिंतीवरच्या बॅटींच्या किमती
खालून वर वाचत राहिली.
नुसतं बोलायचं म्हणून मी विचारलं,
तुला काय वाटतं, सप्रे की थॉर्नबी?

त्यांची उंची किती आहे? ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं.
मास्तरांनी वही पुढून मागे चाळली,
मग मागून पुढे.